चिंचेने धुतलेली फौज

माझ्या नवऱ्याला माणसांपेक्षा फौजा आवडतात, आणि त्याही मेलेल्या. कॅनडातल्या किचनर शहरातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारच्या खोलीत, त्याने एक लाकडी कपाट करून घेतलंय. त्यात सपाट ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये हिरव्या मखमलीचे खण आणि प्रत्येक खणात एक रोमन नाणं. सोन्याची नव्हेत हं. ऐकलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगते. बहुतेक सगळी काशाची, बोटाच्या पेरावर मावतील एवढी, काळी-हिरवी, बाल्कनकडच्या शेतांत नांगराला लागलेली. एकेक नाणं आमच्या इथल्या एका शवर्म्याच्या किमतीचं. हे लक्षात ठेवा, पुढे जे झालं ते या किमतीच्या वस्तूंवरून झालं.

त्याचा नियम एकच. नाण्यावर फौज हवी. देवळं, देवता, धान्याच्या राशी त्याला नकोत. गरुडाची निशाणं हवीत, भाले-ढाली हव्यात, दोन शिपाई आणि त्यांच्या मधे रोवलेला झेंडा हवा. आमच्याकडे पॉटलकला चार पुणेकर सॉफ्टवेअरवाले जमले की जेवणं उरकायच्या आत भिंग बाहेर यायचं. "हे बघा," तो म्हणायचा, "हा खांब. याला हरलेल्या शत्रूचं चिलखत चढवायचं, वर त्याचंच शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना ढाली. बुजगावणं नाही, विजयस्तंभ आहे हा. आणि खाली हे दोघं बसलेत ना, त्यांचे हात मागे बांधलेत." मग एखाद्या पाहुण्याच्या पोराला जवळ ओढून विचारायचा, हे खालचे कोण? पोरगं म्हणायचं, "द लूजर्स." त्यावर तो असा खूश व्हायचा, जणू ते स्तंभ त्यानेच रोवले होते.

एका नाण्यावर नुसते दोन हात आहेत, एकमेकांत घट्ट धरलेले. भोवती लिहिलंय, फौजेची निष्ठा. ज्यांची फौज फितूर व्हायच्या बेतात असायची, तेच राजे हे नाणं जास्त पाडायचे, असं तोच सांगतो. "घरात जे नसतं तेच नाण्यावर लिहितात," असं म्हणून हसतो. पाहुणेही हसतात. मी ताटं उचलते.

पण त्याचा जीव पडणाऱ्या घोडेस्वारावर. या एकाच चित्राची एवढी नाणी त्याच्याकडे आहेत की त्यांना वेगळा ड्रॉवर आहे. रोमन शिपाई उभा, हातात भाला. समोर शत्रूचा घोडा गुडघ्यावर आलेला, वरचा स्वार घसरत खाली चाललेला. घसरता घसरता तो मागे वळून शिपायाकडे बघतो आणि एक हात वर करतो. भाला तोवर त्याच्या अंगात शिरलेला असतो. आणि कडेने लिहिलेलं असतं, सुखाचे दिवस परत आले.

हा माणूस स्वतः फौजेत एक दिवसही नव्हता. त्याचे वडील हवालदार होते, साताऱ्याकडच्या एका फौजी गावातले. गावात प्रत्येक घरातला एक तरी जण सैन्यात. हा एकुलता एक, तोही जाणारच होता, पण भरतीच्या वेळी डॉक्टरने तळवे बघितले आणि परत पाठवला. सपाट पाय. मग इंजिनियर झाला, कॅनडात आला, टीम लीड झाला आणि आता बेसमेंटमध्ये बसून सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच्या फौजा हाकतो. आमच्या नागपूरकडेही याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पायांचा विषय मी कधी काढला नव्हता. काही गोष्टी बायको ठेवणीत ठेवते.

सासरे वारल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. "आता तिकडे घर कशाला हवंय, तू इथेच राहणार ना," असं हाच फोनवर म्हणाला आणि त्यांनी गावचं घर पुतण्याच्या नावावर करून दिलं. दोन पेट्या आणि एक पिशवी एवढं घेऊन त्या टोरांटोच्या विमानतळावर उतरल्या.

आता त्या बिचाऱ्या होत्या, मला लेकीसारखं वागवायच्या, असलं काही मी लिहिणार नाही. आमचं दोघींचं एकही दिवस पटलं नाही. मी 'करून राहिली' म्हटलं की त्या तोंडावर पदर धरून हसायच्या. नावडतीचं मीठ अळणी, तशी माझी भाजी रोज अळणी. ग्रोसरी स्टोअरमध्ये मराठी बाई भेटली की माझ्या देखतच तिला सांगायच्या, "सुनंच्या हाताला चव न्हाई, पर पोरगा गुणाचा. गप खातो." बर्फ पडला की पहाटे उठून ड्राइव्हवे शोव्हल करायची मी. नवऱ्याची कंबर नाजूक आहे. आणि सकाळी गावाला फोन लागायचा, "आमचा बाळ अंधारात उठून बरफ काढतो गं, बायकोला उठवत बी न्हाई." मी हातमोजे वाळत घालता घालता हे ऐकायची. एकदा म्हटलं, आई, बर्फ मी काढते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाची तरी चोरी उघडी पाडत होते. "असूं दे की," म्हणाल्या. "तुजं नाव कशाला गावात? नाव बापयाचं व्हतं."

त्यांच्या पिशवीत सासऱ्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल होतं. तेवढी एकच वस्तू त्या जिवापाड जपायच्या. सासरे नोकरीत होते तोवर रोज संध्याकाळी त्यांनी ते बक्कल चिंच आणि राखेने घासलं होतं. कुठल्या कुठल्या छावण्यांतल्या क्वार्टर्समध्ये, पाणी नसताना, पोर कडेवर असताना. तपासणीला साहेब आला की रांगेत सासऱ्यांपाशी थांबायचा आणि विचारायचा, कोण घासतं रे? ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की साहेबाच्या मिश्यासुद्धा मला पाठ झाल्या. सासरे गेल्यावरही त्यांचा हात थांबला नाही. आमच्या सिंकपाशी उभ्या राहून घासायच्या आणि खिडकीत ठेवायच्या. बाहेर बर्फ आणि आत ते बक्कल, दोन्हींनी डोळे दिपायचे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन कामाच्या दिवशी आलं. इथे त्याची सुट्टी नसते. मी एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला असते, पाचपर्यंत. नवराही ऑफिसला. संध्याकाळी पाहुणे बोलावले होते. पूजेत मांडायचा चांदीचा रुपया सासूबाई गावीच विसरल्या होत्या, सकाळपासून त्याचीच कुरकुर चालली होती. "लक्ष्मीम्होरं कागदाच्या नोटा ठिवायच्या व्हय?" मी म्हटलं, डॉलरचं नाणं आहे, क्वार्टरचं आहे, ठेवा काय हवं ते. आणि गेले.

परत आले तर दारातच चिंचेचा वास. मला वाटलं, सार केलंय. बरं वाटलं, आयतं मिळणार म्हणून. किचनमध्ये गेले तर ओट्यावर चिंचेचा कोळ, मीठ आणि दोन झिजलेले टूथब्रश. डायनिंग टेबलावर पितळी परात. परातीत नाणी. ओळीने मांडलेली, एकामागे एक, अंतर सारखं राखून, कवायतीला उभी केल्यासारखी. आणि सगळी गुलाबी. नुकत्या जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांचा रंग असतो ना, तसली.

पडणाऱ्या घोडेस्वारांचा अख्खा ड्रॉवर होता तो. बांधलेल्या कैद्यांचाही.

सासूबाई दमल्या होत्या, पण तोंडावर तेज होतं. "बघ कशी उभी केलीय पलटण. काल त्यो पावण्यांस्नी सांगत हुता, ही समदी फौजंची हायत म्हणून. फौजंची वस्तू काळी ठिवत न्हाईत, सूनबाई. येवढा शिकला, पर बापाचं येवढं घेतलं न्हाई त्यानं."

खोटं कशाला बोलू, मला आधी हसू आलं. पोटातून आलं. मग घड्याळाकडे बघितलं, तो यायची वेळ झाली होती.

जुन्या काशावर शेकडो वर्षांत मातीतलं एक कवच चढतं, दुधावरच्या सायीसारखं पातळ. त्याला पॅटिना म्हणतात. नाण्याचं सगळं बारीक काम त्या कवचात असतं, खालच्या धातूत फारसं काही उरलेलं नसतं. आंबटाने ते गेलं की नाणं संपलं. संग्राहक त्याला हात लावत नाही. हे मला माहीत होतं, कारण दर पॉटलकला ऐकत होते. सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मुलगा पाहुण्यांना फौजांच्या गोष्टी मराठीत सांगायचा, पण हे पॅटिनाचं सगळं इंग्रजीत.

तो आला. कोट काढता काढता टेबलाकडे बघितलं. त्याने परातीतलं एक नाणं उचललं, दिव्यापाशी नेलं, परत त्याच जागी ठेवलं, ओळ न मोडता. मग वर गेला, रेशमी कुडता घालून आला आणि पूजेला बसला. पाहुणे आले. आरती झाली. त्याने एकेका नाण्याला हळदकुंकू वाहिलं, एकही न सोडता. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, वा, काय चकाकतायत. "आईने केलंय," तो म्हणाला. सासूबाईंना त्या संध्याकाळी घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आई, ये. बस इथे." टेबलावर लॅपटॉप, दिवा, भिंग आणि एक नाणं. लॅपटॉपवर त्याच नाण्याचा जुना फोटो, काळा, रेखीव. त्याने ते त्यांच्या भाषेत, हळूहळू, सगळं समजावलं. इथे शिपाई होता. इथे भाला. ही अक्षरं. मग धुतलेलं नाणं त्यांच्या हातात दिलं आणि भिंग डोळ्याला लावायला लावलं. "आता सांग. काय काय गेलं?"

त्या बिचाऱ्यांना वाटलं, लेक शिकवतोय. दोन दिवसांनी सकाळी गावाला फोन, "बाळ रोज जेवल्यावर मला घिऊन बसतो. राजांची नाणी दावतो." दोन-चार दिवस या भ्रमात गेले. रोज एक नाणं. रोज तेच. फोटोत बघ, हातात बघ, काय गेलं सांग.

"भाला गेला."

"कुणी घालवला?"

"म्या."

तो मान हलवायचा, नाणं कागदी पाकिटात टाकायचा, पाकीट बंद करायचा. "जा, झोप आता." एवढंच. आवाज एकदाही चढवला नाही. चढवला असता तर मला मधे पडता आलं असतं. हळू बोलणाऱ्या माणसाच्या मधे कसं पडायचं, हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

पडले तरी एकदा. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, त्या दिवशी म्हटलं नाही. "पुरे कर आता. म्हातारी आहे ती, आई आहे तुझी."

"शिस्त आहे ही," तो म्हणाला. "तुला नाही कळणार. तिला कळतंय."

आणि सासूबाई मलाच म्हणाल्या, "तू जा भांडी घास. मायलेकरांत बोलू नगंस."

ख्रिसमसच्या सुट्टीत लेक आली. ती लंडनला नर्सिंग शिकते, म्हणजे इथल्या, ऑन्टारिओतल्या लंडनला. तिने एक संध्याकाळ हे बघितलं आणि खुर्ची मागे सारून उठली. "बाबा, यू आर टॉर्चरिंग हर."

"आय अ‍ॅम टीचिंग हर," तो म्हणाला.

आजी नातीचा हात धरून तिला खाली बसवायला लागली. इंग्रजी कळत नव्हतं, पण सूर कळला होता. "बापाला उलटं बोलू नगं. चूक माजी हाय." पोरगी वर जाऊन रडली. मी वर गेले तर मला म्हणाली, "आई, व्हाय आर यू ऑल लाइक धिस?" सुट्टी संपायच्या आधीच ती बस पकडून गेली.

माणूस कशालाही सरावतो. जानेवारी उजाडेपर्यंत त्याने सांगायच्या आधीच सासूबाई भिंग डोळ्याला लावायच्या. बोटाने चाचपून सांगायच्या, ह्यो झेंडा, ह्यो गरुड. एकदा घोडेस्वाराच्या नाण्यावर त्या बराच वेळ थांबल्या. मी सिंकपाशी होते.

"ह्यो पडतोय त्यो कोण?"

"शत्रू."

"हात कशाला वर केलाय?"

"दया मागतोय."

"मिळती का?"

"नाही. भाला बघ ना कुठे आहे."

"आन् लिव्हलंय काय?"

"सुखाचे दिवस परत आले."

त्यांनी मान डोलावली. "व्हय. भालेवाल्याचं आलं की."

त्याचा हात लॅपटॉपवर गेला. मला वाटलं, आता हा लॅपटॉप मिटेल. आतून कुठेतरी काही हलेल. "आता सांग, काय गेलं?" तो म्हणाला.

त्यांनी परत भिंग लावलं. अंगठ्याने नाण्याची कड पुसली. "हात गेला. घासताना गेला. आता नुसताच पडतोय त्यो."

"कुणी घालवला?"

"म्या, बाळा."

वसंतात त्यांच्या राहण्याची मुदत संपत होती. वाढवता आली असती. पण त्यांना इथे आणणारा तो, हमी त्याची, विमा त्याने काढायचा, सही त्याने करायची. माझ्या सहीला तिथे विचारत नव्हतं कुणी. मी फेब्रुवारीपासून मागे लागले होते. एका रविवारी पोहे खाताना तो म्हणाला, "यंदा वाढवायची नाही. साताऱ्याजवळ चांगला वृद्धाश्रम आहे, बोलून ठेवलंय. डोंगर दिसतो खोलीतून. तिला इथली थंडी सोसत नाही."

थंडी. माझ्यापेक्षा ती बाई काटक. उणे वीसमध्ये पातळ शाल पांघरून पक्ष्यांना दाणे टाकायला डेकवर जायची.

त्या दिवशी दुपारी सासूबाई माझ्यापाशी आल्या. मी कपड्यांच्या घड्या करत होते. आल्या आणि टॉवेल घेऊन स्वतःच घडी घालायला लागल्या. इतक्या वर्षांत या बाईने माझ्याकडे मिठाचा खडा मागितला नव्हता. "तू सांग त्याला," म्हणाल्या. "म्हणावं, बेसमेंटला पाय ठिवणार न्हाई. जिन्याचं दार बंद करा पायजे तर. वर एका कोपऱ्यात बसून राहीन. गावाकडं आता माजं दार न्हाई, सूनबाई. पुतण्याच्या उंबऱ्यावर कशी जाऊ? आन् आश्रमात... लोकं काय म्हणतील? फौजीची बायको, पोरगा कॅनडाला, आन् आश्रमात?" टॉवेलची घडी त्यांनी तीनदा मोडली. जेवताना ताटाकडे बघून बोलणाऱ्या त्या बाईचे डोळे त्या दिवशी माझ्याकडे लागले होते, आणि मला ते बघवेनात. भांडणाऱ्या सासूची सवय होती मला. हात जोडणाऱ्या सासूचं काय करायचं असतं?

मी बेसमेंटमध्ये गेले. सगळं सांगितलं, शब्द न शब्द. तो म्हणाला, "नियम मोडला की शिक्षा. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

मग मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, बाबांचं नाव घेऊ नकोस. बाबा फौजी होते. तुला फौजेने दारातून परत पाठवला, सपाट पायांचा म्हणून. खरी माणसं तुझ्या हाताखाली आली नाहीत, तर म्हाताऱ्या आईला कैदी केलंस. शवर्म्याच्या किमतीच्या नाण्यासाठी. आणखीही बरंच म्हणाले. आवाज वर किचनपर्यंत गेला असेल. त्याने शेवटपर्यंत मान वर केली नाही. ब्रशने एक नाणं झटकत बसला.

दुसऱ्या दिवशी कळलं, तिकीट आठवडाभर अलीकडे घेतलंय.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती. चालता येत होतं त्यांना, पण तशी सोय करतात इथे, भाषा येत नसली की. चेअरमध्ये बसल्यावर त्यांनी पदराच्या टोकातून बक्कल सोडवलं आणि मुलापुढे धरलं. "ह्ये तुला. बापाचं हाय. आता मला कोण चिंच आणून दिल तिथं."

त्याने ते घेतलं. दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं, अगदी तसंच, जसं पार्सल उघडून नाणं बघतो. मध्ये पलटणीचं निशाण असतं ना उठावाचं, तिथे अंगठा फिरवला. "हेही घासून घालवलंस," तो म्हणाला. "काही दिसत नाही यावर."

सासूबाईंनी हात मागे घेतला. पदर सारखा केला. चेअर ढकलणाऱ्या मुलीने "रेडी?" विचारलं आणि चेअर वळवली. गर्दीतून जाता जाता त्या मागे वळल्या, आमच्याकडे बघितलं आणि एक हात वर केला. मी केला. तो खिशात पार्किंगचं तिकीट शोधत होता.

घरी आल्यावर त्याने बक्कल दाराजवळच्या बाऊलमध्ये टाकलं, गाडीच्या किल्ल्यांत. कपाटाला त्याने आता कुलूप केलंय, त्याची किल्लीही त्याच बाऊलमध्ये असते. कुणापासून कुलूप, विचारलं नाही मी. रिकाम्या ड्रॉवरसाठी नवी नाणी यायला लागली. पुन्हा घोडेस्वार, पुन्हा खांब, पुन्हा बांधलेले हात. पाहुण्यांना तो सांगायचा, आईला थंडी मानवेना. पाहुणे म्हणायचे, हो ना, आपल्या लोकांना हा विंटर कठीणच.

मी आश्रमात फोन करायची. "बरी हाय," एवढंच म्हणायच्या आणि विचारायच्या, बाळ जेवला का? नंतर नंतर फोनवर यायच्या बंदच झाल्या. अंघोळीला गेल्यात, निजल्यात, असं कुणीतरी सांगायचं. मला वाटायचं, मानी बाई, लाज वाटत असेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कधी नव्हे ती मला त्यांची आठवण यायची. भाजीत मीठ घालताना यायची.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी टेबलावर चकल्या पाडत होते, हात पिठाने भरलेले. पलीकडच्या खुर्चीत तो, दिवा, भिंग आणि पोस्टाने आलेलं नवं नाणं. फोन वाजला. सासूबाईंची धाकटी बहीण. मी कोपराने स्पीकर लावला आणि म्हटलं, मावशी, दिवाळीच्या शुभेच्छा.

"शुभेच्छा ठिव तुज्यापाशी," मावशी म्हणाल्या. "आक्काला भेटून आले आज. समदं सांगितलं तिनं. तुला सासू जड झाली व्हय गं? लेक इमानतळावर पोरावानी रडला म्हणं, पर तुज्याम्होरं त्याचं काय चाललं न्हाई. आन् रोज जेवान झालं की तिला टेबलाशी बसवायचीस, चुका बोलून दावायला लावायचीस? रोज? कुठल्या जातीचं मन गं तुजं? आक्का म्हणती, पोरगा सोनं हाय माजा, सून काळी निघाली. साऱ्या आश्रमाला ठावं हाय. साऱ्या गावाला बी."

चकलीचा साचा माझ्या हातात तसाच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. दोरी कशी लागते ते आता कळलं. आणि सगळ्यात वाईट हे की मला ऐकल्या ऐकल्या पटलंही. ती बाई दुसरं काय सांगणार होती? नाव बापयाचं व्हतं. पोराने हाकललं म्हणायचं, तर फौजीच्या बायकोकडे उरतं काय? तिने आयुष्यभर घरच्या पुरुषाचं नाव घासलं, आजही तेच घासत होती. कुणाचं तरी कवच जायचंच होतं, माझं गेलं.

मी टेबलापलीकडे बघितलं. प्रत्येक शब्द त्याने ऐकला होता. मावशी अजून बोलत होत्या, तुला बी म्हातारपण यील, तुला बी ह्येच भोगायला लागंल. मी त्याच्याकडे बघतच राहिले. एक वाक्य पुरे होतं. मावशी, मी पाठवलं तिला, एवढंच. तो हललासुद्धा नाही. मग त्याने दिवा जरा जवळ ओढला.

"आवाज कमी कर गं," तो म्हणाला. "कडेची अक्षरं वाचतोय."

मी कमी केला. मावशींचं बोलून होईपर्यंत चकल्या पाडल्या. "बरं मावशी," म्हटलं, फोन ठेवला, हात धुतले. दाराजवळच्या बाऊलमधून कपाटाची किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. मग वरच्या फळीवरचा डबा काढला, चिंचेचा अख्खा गोळा मोठ्या पातेल्यात टाकला आणि वर गरम पाणी ओतलं. वास लगेच घरभर झाला.

"सार करतेस का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हो," मी म्हटलं.